शेजारची सीट

आमच्या गावात कोणी गाडीत बसून किल्ली लावली, आरसा नीट केला आणि मग डॅशबोर्डवर बोटाच्या पेराने दोनदा टकटक केलं, तर बिनधास्त समजावं की हा माणूस माझ्या बायकोच्या हाताखालून गेलेला आहे. बँकेतला कॅशियर टकटक करतो. दातांची डॉक्टरीण करते. अँब्युलन्सचा ड्रायव्हरसुद्धा करतो, मागे पेशंट कण्हत असला तरी. यांच्यातल्या कोणालाही विचारा, का हो करता हे? सांगता येणार नाही. मला सांगता येईल. आमच्या गाडीतला पेट्रोलचा काटा अडकतो. त्याच्या काचेवर दोनदा टकटक केलं की तो खडबडून जागा होतो आणि खरं काय ते सांगतो. हिने प्रत्येकाला पहिल्याच दिवशी शिकवलं, "किल्ली, आरसा, टकटक," आणि बाकीचं निम्मं विसरलेल्या लोकांनी तेवढं मात्र इमानेइतबारे पाठ करून ठेवलं. पुढे त्यांनी स्वतःच्या गाड्या घेतल्या, त्यांत काटे नाहीतच, नुसते आकडे उमटतात, तरी हात आपला जातोच.

आमची ही मोटार शिकवायची शाळा चालवते. शाळा म्हणजे काय, तर फाटकावर एक पाटी, अंगणात एक गाडी आणि ती स्वतः. गाव तिला तोंडावर बाई म्हणतं आणि पाठीमागे ब्रेकबाई. शिकवायच्या गाडीत शेजारच्या सीटच्या पायाशीही क्लच आणि ब्रेकची वेगळी पेडलं बसवलेली असतात, शिकणाऱ्याने गोंधळ घातला की शिकवणाऱ्याने सावरायला. हिच्या त्या ब्रेकमुळे किती सायकलवाले, किती विजेचे खांब आणि एकदा तर खुद्द वाहतूक पोलीस वाचलाय. त्या पोलिसाला हे अजून माहीत नाही. तो पाठमोरा होता.

गाडीचं नाव थोरली. सव्वीस वर्षांपूर्वी ती घरी आली आणि त्यानंतर सहा महिन्यांनी आम्हाला मुलगी झाली, म्हणून मुलगी धाकटी. शाळेत कोणी विचारलं, तुला मोठी बहीण आहे का, तर आमची धाकटी सांगायची, आहे, पेट्रोलवर चालते. हसू नका, तिला त्याचा खरंच राग होता. थंडीच्या दिवसांत आई आधी थोरलीवर कापड टाकते आणि मग माझ्या अंगावर पांघरूण घालते, अशी तिची तक्रार होती, आणि ती खोटी नव्हती.

हिची कामाची एक पद्धत आहे. सकाळी सातला पहिला विद्यार्थी घरी येतो आणि थोरली अंगणातून बाहेर काढतो. त्याचा धडा जिथे संपतो तिथे दुसरा उभा असतो. असं दिवसभर हातोहात चालतं आणि संध्याकाळी शेवटचा विद्यार्थी हिला घरी आणून सोडतो. दळण, भाजी, बँक, नातेवाइकांची लग्नं, सगळं त्या धड्यांच्या वाटेवर बसवलेलं. माझा धंदा पुस्तकबांधणीचा. वाचनालयाची फाटकी पुस्तकं मी शिवून, पुठ्ठे बांधून परत देतो. ते गठ्ठे पोचवायचे असले की मीही कुणाच्या तरी धड्यात मागच्या सीटवर घुसतो. पुढे एखादा घामाघूम झालेला मास्तर नाहीतर नवरी मुलगी, शेजारी ही, मागे मी आणि मांडीवर शब्दकोश. अशी आमची सव्वीस वर्षं गेली.

आणि शेवटच्या धड्याची तर गंमतच. विद्यार्थी खरोखर तयार झाला असं हिला वाटलं की ही काही बोलत नाही. चालत्या गाडीत चपला काढते, दोन्ही पाय पेडलांवरून उचलते आणि सीटवर चक्क मांडी घालून बसते. शिकणारा डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघतो आणि त्याला कळतं, आता आपल्याला वाचवायला कोणी नाही आणि वाचवायची गरजही नाही. कितीतरी मोठी माणसं त्या क्षणाला रडली आहेत. गावात आता बोलायची पद्धतच होऊन बसली आहे. परीक्षेचा निकाल लागायच्या आधी लोक विचारतात, "काय, बाईंनी मांडी घातली का?" घातली असली की पेढे आणायला हरकत नाही.

माझ्या वेळी तिने मांडी घातली नाही. हो, मीही शिकायला बसलो होतो, लपवायचं कशाला. अकरा धडे झाले. अकराव्या धड्याला मी वाचनालयाच्या फाटकावर गेलो. फाटक जिथल्या तिथे होतं, मीच तिथे गेलो. हिने ब्रेक दाबून धरला, माझ्याकडे शांतपणे बघितलं आणि म्हणाली, "अहो, तुम्ही आपली पुस्तकंच बांधा." गावात बाईंच्या हाताखालून नापास झालेला मी एकटाच, आणि हे मला लग्नकार्यांत ओळख करून देताना सांगितलं जातं.

धाकटीच्या जन्माची गोष्ट सांगितल्याशिवाय ही बाई काय चीज आहे ते कळायचं नाही. भर दुपारी, धडा चालू असताना हिच्या पोटात कळा सुरू झाल्या. गाडी चालवत होता शिंपी. त्याचा सहावा धडा, तिसरा गिअर अजून व्हायचा होता. बिचाऱ्याची पाचावर धारण बसली. पण ही कळ आली की गप्प, कळ गेली की, "आरशात बघा. वळणाला हात दाखवा. घाई नको." असं करत तिने त्याच्याकडून स्वतःला दवाखान्यात पोचवून घेतलं. मी धापा टाकत पोचलो तेव्हा मुलगी झालेली होती. मी हिचा हात हातात घेतला. ही डोळे उघडून काय म्हणाली? "शिंप्याने तिसरा न विचारता टाकला. आणि बरोबर टाकला हो."

तर अशा बाईने गेल्या महिन्यात जाहीर केलं की शाळा बंद.

झालं असं की वाहन कार्यालयातून पत्र आलं. शिकवण्याच्या कामासाठी थोरलीची मुदत महिनाअखेर संपत होती. घरची गाडी म्हणून पुढे हवी तितकी वर्षं फिरवा, पण विद्यार्थी बसवायचा नाही. याचा अर्थ सरळ होता. शाळा चालवायची तर दुसरी गाडी घ्यायला हवी. धाकटी आता दुसऱ्या गावी नोकरीला असते. तिने फोनवर सगळं ठरवूनच टाकलं. "आई, शोरूमवाले जुनी गाडी ठेवून घेतात आणि नव्यावर सूट देतात. थोरलीला निरोप दे आणि नवी आण. त्या कोपऱ्यावरच्या शाळेत चार नव्या गाड्या आहेत, एसी लावून शिकवतात. तुझ्याकडे लोक घामाने भिजतात."

"घाम आला की लक्षात राहतं," ही म्हणाली. "आणि नवीबिवी काही नको. महिनाअखेर पाटी उतरवायची. पुरे झालं आता."

पुरे झालं? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चोपन्न वर्षांची धडधाकट बाई, पुढच्या महिन्यात शिकायला येणारी चार माणसं यादीत नाव लावून बसलेली, आणि म्हणे पुरे झालं. मला वाटलं, हिचा जीव थोरलीत अडकलाय. म्हणून मी तिला समजवायला गेलो. म्हटलं, "अगं, लोखंड आहे ते. माझं सगळं आयुष्य जुन्याला टाके घालण्यात गेलं, पण मीही एखादं पुस्तक हातात घेऊन सांगतोच की, याचं आता काही होणार नाही, नवी प्रत घ्या."

"तुमचं झालं का बोलून?" तिने विचारलं आणि कपाटं आवरायला घेतली. चार दिवसांत घरातली सगळी कपाटं आवरून झाली. पाचव्या दिवशी मी दूध तापवत होतो तर माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "हळू. आता कमी करा. एकदम नाही." मी हात टेकले. ही बाई महिनाभर जरी रिकामी बसली, तर मला चालवायला घेणार हे मला स्वच्छ दिसलं.

शेवटी मी आणि धाकटीने दोन्हीकडून लावून धरलं तेव्हा ती एकदाची शोरूम बघायला तयार झाली. "नुसतं बघायला," तिने चारदा बजावलं. औषधाच्या दुकानातल्या मुलीचा धडा होता, तिनेच आम्हाला थोरलीतून नेलं.

शोरूमचा मॅनेजर हिचाच विद्यार्थी. दोनदा परीक्षेत नापास झालेला, तिसऱ्यांदा मांडी मिळवलेला. तो धावतच बाहेर आला. "बाई! काका! या, या!" आत गाड्या अशा चकचकीत की माझ्या चपलांची मला लाज वाटली. त्याने एक निळी गाडी दाखवली. ती विकायची नव्हती, गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली होती. "बसा बाई, एक चक्कर मारू."

ही सरळ शेजारच्या सीटवर जाऊन बसली. पट्टा लावला, पाय पुढे घेतले आणि मॅनेजरला म्हणाली, "हं. किल्ली, आरसा."

आणि तो गाढव बसला की चालकाच्या सीटवर! किल्ली लावली, आरसा बघितला, त्या कोऱ्या करकरीत काचेच्या पडद्यावर टकटक केलं. मग त्याच्या लक्षात आलं आणि तो पोट धरधरून हसायला लागला. "बाई, अहो तुम्ही चालवून बघायची. गाडी तुम्हाला घ्यायची आहे ना?"

मी मागे बसून हसत होतो. ही हसली नाही. उतरली, वळसा घालून आली आणि चालकाच्या सीटवर बसली. गाडी सुरू केली. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. परत सुरू केली, परत गचका. तिसऱ्या वेळी गाडी चार पावलं उड्या मारत गेली आणि एका कुंडीपाशी थांबली. मॅनेजर म्हणाला, "नवी गाडी आहे बाई, क्लचची सवय नसते." ही उतरली. "क्लच बरोबर नाही हिचा," असं म्हणून चालायला लागली. परतीच्या वाटेवर औषधवाल्या मुलीला एकही सूचना मिळाली नाही. ती पोर घाबरून दोनदा मागे वळून माझ्याकडे बघत होती.

घरी आल्यावर ही स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि भांड्यांच्या मांडणीकडे बघत म्हणाली, "अहो, मला गाडी चालवता येत नाही."

मला वाटलं थट्टा करतेय. पण तिचा चेहरा थट्टेचा नव्हता. मग मी मनाशी मोजायला लागलो. थोरली आणली त्या दिवशी ती चालवत आली होती. दुसऱ्या दिवशी पेडलं बसवून आणायला गेली होती. त्यानंतर? सकाळी पहिला विद्यार्थी, संध्याकाळी शेवटचा. सुट्टीच्या दिवशी गाडी अंगणात. सव्वीस वर्षांत ही बाई एकदाही चालकाच्या सीटवर बसली नव्हती, आणि हे मला, तिच्या नवऱ्याला, मागच्या सीटवर बसून कधी दिसलं नव्हतं.

"थोरलीत माझी जागा ठरलेली आहे," ती म्हणाली. "कोणी म्हणत नाही, बाई, जरा करून दाखवा. पण नवी गाडी आली की पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणणार. मी बसणार आणि ती बंद पडणार. मग मी कोणत्या तोंडाने शिकवू? त्यापेक्षा थोरलीचं निमित्त बरं. लोक म्हणतील, जुन्या गाडीवर जीव होता, म्हणून बाईंनी शाळा बंद केली."

आख्ख्या गावाला धीर देणारी ही बाई इतके दिवस एकटीच घाबरत बसली होती आणि मी तिला लोखंडावर व्याख्यान देत होतो.

"मग शीक," मी म्हणालो.

"कोणाकडे? त्या कोपऱ्यावरच्याकडे जाऊ?"

"माझ्याकडे."

"तुम्हाला तरी येते का?"

"चालवता येत नाही. पण शिकवता येईल. तुझंही तेच आहे की!"

मी पाठ ताठ केली आणि मागच्या सीटवर सव्वीस वर्षं ऐकलेलं सगळं धडाधड म्हणून दाखवलं. "क्लच पूर्ण. पहिला. आता सोडा, हळू, अजून हळू, गाडी सांगेल तुम्हाला. पुढच्या गाडीकडे बघू नका, तिच्या पुढच्या गाडीकडे बघा. ब्रेक आहे तो, पायपुसणं नाही." पहिल्यांदा तिच्या ओठाचा कोपरा हलला. मग ती जी हसायला लागली ती पदराने डोळे पुसेपर्यंत.

दुसऱ्या दिवशी उजाडताना आमची शाळा भरली. जागा ठरली गोदामामागचं मैदान. तिथे इतक्या लवकर कुत्रंही नसतं. पण तिथवर गाडी न्यायची कशी? सुरू केली तर सगळी आळी जागी होणार आणि बाईंना चालकाच्या सीटवर बघणार. तेव्हा आम्ही थोरली ढकलत बाहेर काढली. मागून मी जोर लावतोय, ही खिडकीतून हात घालून स्टिअरिंग धरतेय. आमच्या घरापासून मैदानापर्यंत उतार आहे म्हणून बरं. कोपऱ्यावर पेपरवाला भेटलाच. "काय काका, बंद पडली?" म्हटलं, "हो रे बाबा." दुसऱ्या दिवशी परत भेटला, तिसऱ्या दिवशी परत. आठवडाभरात गावभर झालं की थोरली आता सकाळी सुरूच होत नाही, बाईंनी शाळा बंद करायचं ठरवलं ते काही उगीच नाही. मेकॅनिक न बोलावता आला, बॉनेट उघडून अर्धा तास डोकं खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "काही झालेलं नाही हिला." म्हटलं, तुला कळणार नाही, फार खोलवरचा बिघाड आहे.

मैदानात ही चालकाच्या सीटवर आणि मी शेजारी, पेडलांवर पाय ठेवून. थोरलीचा क्लच तिच्या पायांना पाठ होता. घोडं अडलं होतं हातांपाशी. सव्वीस वर्षं तिने स्टिअरिंगची फक्त आपल्या बाजूची कड एका हाताने धरलेली, विद्यार्थी भरकटला की सरळ करायला. आता सगळं चाक समोर आलं तरी हात जायचा त्या एकाच कडेवर. गाडी मैदानभर गोल गोल फिरायची. "दोन्ही हात," मी ओरडायचो. "ओरडू नका," ती ओरडायची. "शिकणाऱ्यावर ओरडायचं नसतं, तो आखडतो." तेही मला तिच्याकडूनच माहीत होतं. मग मी गळा साफ करून तिच्याच आवाजात म्हणायचो, "काही बिघडलं नाही. परत करू."

ब्रेकच्या बाबतीत मात्र माझं चुकायचं. तिसऱ्या दिवशी एक दगड दिसला, मी बापरे म्हणून पेडलावर उभाच राहिलो. आम्ही दोघंही काचेला नाक लावून आलो. "अहो! तो दगड अजून शंभर पावलं लांब होता!" मग आमचं कडाक्याचं भांडण झालं. त्यात वाचनालयाचं फाटक निघालं, माझ्या आईने हिच्या शाळेला घेतलेली हरकत निघाली, सगळं निघालं. भांडण संपेपर्यंत चांगलं उजाडलं होतं. आम्ही घाईघाईने निघालो, आणि घर आल्यावर माझ्या लक्षात आलं की परतीचा चढ आहे, आधीचे दोन दिवस मी धापा टाकत ढकललं होतं, आज मात्र गाडी तीच चालवत आली. भांडणाच्या नादात तिलाही कळलं नव्हतं.

त्यानंतर चित्र पालटलं. पाचव्या दिवशी तिसरा गिअर. सातव्या दिवशी मैदानातून बाहेर, रिकाम्या रस्त्यावर. तिने खिडकीची काच खाली केली आणि कोपर बाहेर टेकवलं. विद्यार्थ्यांना ती हे कधीही करू देत नाही. धाकटी पहिल्यांदा एकटी सायकल चालवत गेली होती तेव्हा तिचा चेहरा असाच झाला होता. मी शेजारी बसून बघत होतो आणि मला इतका आनंद झाला की ब्रेकवरचा पाय थरथरायला लागला. ती म्हणाली, "काय झालं? दगड दिसला का?"

महिन्याचा शेवटचा दिवस आला. आता भीती उरली नव्हती, म्हणून शाळा बंद करायचा विषयही उरला नव्हता. तिने स्वतःच मॅनेजरला फोन केला, थोरली आणून देते, नवी तयार ठेव. मला म्हणाली, "दोन गाड्या कशाला? अंगणात जागा तरी आहे का?" आणि थोरली धुवायला घेतली. सीटखालून केसांच्या पिना निघाल्या, शिंप्याचं दोऱ्याचं रीळ निघालं, धाकटीचा दुधाचा दात ठेवलेली काड्यापेटी निघाली. ती सगळं एका रुमालात बांधत होती आणि नाक ओढत होती. मी सर्दी झाली का असं विचारलं नाही. तेवढी अक्कल मला आहे.

"एक मात्र आहे," ती म्हणाली. "द्यायची तर मी चालवत नेणार. भर रस्त्याने."

आणि निघाली. किल्ली, आरसा, टकटक. मी शेजारी, दोन्ही पाय पेडलांच्या वर अधांतरी धरून. सकाळचे अकरा, बाजाराचा रस्ता, माणसांचा पूर. कॅशियर बँकेच्या पायरीवर थांबून बघत राहिला. औषधाच्या दुकानातल्या मुलीने काउंटरमागून मान काढली. शिंपी गळ्यातल्या टेपसकट बाहेर आला आणि त्याने हात वर केला. बाई चालकाच्या सीटवर! तिने कोणाकडेही बघितलं नाही. पुढच्या गाडीच्या पुढच्या गाडीकडे बघत होती. चौकात एक बस आडवी आली. माझा पाय खाली गेला, पण त्याच्या आधीच थोरली थांबली होती, इतकी अलगद की माझ्या मांडीवरचा रुमालही हलला नाही. मग बस गेली, तिने पहिला टाकला, दुसरा टाकला, वळणाआधी आरसा बघितला, आणि मला एकदम समजलं की गेली दहा मिनिटं माझ्या पायांना काहीच काम नव्हतं.

मी चपला काढल्या.

अठ्ठावन्नाव्या वर्षी मोटारीत मांडी घालणं सोपं नाही. एक गुडघा दारात अडकला, दुसऱ्यातून कळ आली, पट्टा गळ्याशी आला. पण घातली. हात गुडघ्यांवर ठेवून समोर बघत बसलो. काही बोललो नाही, कारण पद्धत तशी आहे.

तिला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. स्टिअरिंगवरची बोटं घट्ट झाली, मग सैल झाली. गालावरून पाणी ओघळलं, ते तिने पुसलं नाही, कारण दोन्ही हात चाकावर ठेवायचे असतात.

शोरूम आलं. मॅनेजर दारात फुलांचा गुच्छ घेऊन उभा होता. थोरली त्याच्या समोरून सरळ पुढे गेली.

"अगं, शोरूम मागे राहिलं."

"दिसलं मला."

गाव संपलं, पूल आला. पुलापर्यंत कधी धडा होत नाही, म्हणून थोरलीने हा पूल पाहिलेलाच नव्हता. आणि मला वाटतं, थोरली चालवणं म्हणजे काय असतं हे हिनेही. चौथा पडला. वारा आत आला. ही मोठ्याने हसायला लागली.

"सव्वीस वर्षं हिला मी गावाला चालवायला दिली," ती म्हणाली. "आता कुठे माझी पाळी आली, आणि मी हिला देऊन टाकायला निघाले होते! मला काय वेड लागलंय?"

"मग शाळा?"

"शाळा चालूच राहणार. ती निळी, लोकांना चालवून बघायला ठेवलेली, ती स्वस्तात विकतात थोडे दिवस वापरून झाली की. शाळेला तसलीच हवी, चार गचके खाल्लेली. थोरली घरची. पण जागा..."

"अंगणातले माझे रद्दीचे गठ्ठे मी आत हलवतो," मी म्हणालो. ते गठ्ठे हलवा म्हणून ती वीस वर्षं मागे लागली होती. आज बोलताना मला जड गेलं नाही, यावरून काय ते समजा.

आम्ही परत फिरलो. शोरूमच्या दारात तिने थोरली अशी लावली की टायर आणि पायरी यांच्यात एक वीत जागा. मॅनेजर गुच्छ घेऊन धावत आला आणि बोलता बोलता थांबला. त्याने चालकाच्या सीटकडे बघितलं. मग शेजारच्या सीटकडे बघितलं. तिथे मी मांडी घालून बसलो होतो आणि मला ती सोडता येत नव्हती. दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. त्याने दार उघडलं, माझी मांडी बघितली, आणि त्या मोठ्या कोटवाल्या माणसाचा आवाज बारा वर्षांच्या मुलासारखा झाला.

"काका," तो म्हणाला, "पास कोण झालं?"

मी तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर केला. वर्गात करतात तसा, सरळ, खिडकीच्या बाहेर.

"मी," ती म्हणाली.